तळ्याच्या पोटातलं गाव

१९८५ सालचा नोव्हेंबर. चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. टी. नगरात उस्मान रोडच्या मागच्या एका बोळात आमचं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान होतं. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. एक भट्टी, एक तराजू, तेजाबाची भांडी आणि भिंतीवर रेणावीच्या रेवणसिद्धाची तसबीर. तीन दिवस पाऊस हटला नव्हता. चौथ्या दिवशी पहाटे फरशीच्या सांध्यांतून पाणी वर यायला लागलं. दारातून आलं असतं तर पोती लावून अडवता आलं असतं. हे खालून येत होतं. मी कोळशाची पोती उचलून फळीवर ठेवत होतो, तेवढ्यात शेजारच्या इस्त्रीवाल्या म्हाताऱ्यानं दारातून डोकं आत घातलं आणि शांतपणे म्हणाला, “एरी वंदुडुच्चु, सेट्टु.”

तळं आलं, शेटजी.

‘सेट्टु’ हा शब्द तिकडे उत्तरेकडून आलेल्या कुठल्याही सोन्या-व्याजाच्या माणसाला लावतात. आम्ही विट्याकडचे, कोरडवाहू शेतकऱ्याची पोरं, पण तामिळ माणसाला विटा आणि मारवाड यांत फरक करायचं कारण नव्हतं. मी विचारलं, “कुठलं तळं, ताता?” त्यानं माझ्या पायाखाली बोट दाखवलं.

म्हातारा ऐंशीच्या घरातला, जुन्या मांबलम गावचा. लहानपणी त्यानं त्या तळ्यात म्हशी धुतल्या होत्या. पुढच्या चार-पाच वर्षांत, त्याची इस्त्री गार होईपर्यंत आणि माझी भट्टी तापेपर्यंत जो वेळ मिळायचा त्यात, त्यानं मला ते गाव दाखवलं. आज टी. नगर म्हटलं की लोकांना साड्या, सोनं आणि दिवाळीची गर्दी आठवते. मला आधी म्हशी आठवतात.

लांबलचक तळं

इंग्रजांच्या जुन्या नकाशांत मद्रासच्या पश्चिम कडेला पाण्याचा एक लांब पट्टा दिसतो. उत्तरेला नुंगंबाक्कमपासून दक्षिणेला सैदापेटच्या बाजूपर्यंत. त्याचं इंग्रजी नावच ‘लाँग टँक’, म्हणजे लांबलचक तळं. उत्तरेकडचा भाग नुंगंबाक्कमचा, खालचा मांबलमचा. पूर्वेला माउंट रोड, म्हणजे आजचा अण्णा सालै. पश्चिमेला मांबलम गाव, त्याची भातशेती आणि ताडाची झाडं. शहर तिथं संपायचं. मांबलम चेंगलपट्टू जिल्ह्यात होतं, मद्रासमध्ये नव्हे.

तामिळमध्ये अशा तळ्याला ‘एरी’ म्हणतात. हे निसर्गानं केलेलं सरोवर नसतं. जमिनीचा उतार बघून सखल बाजूला मातीचा लांब बांध घालायचा, वरून येणारं पावसाचं पाणी अडवायचं आणि मोरीतून खालच्या शेतांना सोडायचं. बांधाला ते ‘करै’ म्हणतात, मोरीला ‘मदगु’, सांडव्याला ‘कलिंगल’. एका एरीचा सांडवा भरून वाहिला की पाणी खालच्या एरीत, तिथून आणखी खालच्या. चेंगलपट्टू जिल्ह्यात अशा तळ्यांच्या साखळ्याच्या साखळ्या आहेत. तिकडे पावसाळा आपल्यासारखा जूनमध्ये जोर धरत नाही. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून, आणि तोही चार-सहा दणक्यांत. वर्षाचा साधारण १४०० मिलिमीटर. तो धरून ठेवला नाही तर दोन दिवसांत समुद्रात, आणि मग मे महिन्यात घशाला कोरड. म्हणून एरी.

ताता हे सांगत होता तेव्हा मला शिकवायची गरज नव्हती. मोरी, सांडवा, पिचिंग हे शब्द मी दहाव्या वर्षी ऐकले होते. १९७२ चा दुष्काळ. आबा मद्रासमध्ये साहुकारपेठेत गलाईच्या दुकानात, आणि इकडे आई गावाच्या ओढ्यावर पाझर तलावाच्या कामाला. ती पाटीनं माती वाहायची, आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं बांधावर बसून राहायचो. घरात मिलोच्या लाल भाकरी. आमच्या खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर त्या वर्षी लग्नं जास्त होतात. पाणी नाही म्हणूनच तर आमच्या गावांतून घरटी एक माणूस गलाईला बाहेर पडला. कोचीन, मदुराई, कोईमतूर, कलकत्ता, जिथं सोनार तिथं आम्ही. मी १९७८ साली सोळाव्या वर्षी आलो. पाण्यापायी गाव सोडलेला माणूस तळं बुजवून केलेल्या जागेवर येऊन बसला, हे मला सात वर्षांनी फरशीतून कळलं.

इंग्लंडातल्या खेड्याचं स्वप्न

तळं बुजवलं का? पहिल्या महायुद्धानंतर मद्रासला घरं पुरेनाशी झाली होती. पूर्वेला समुद्र, त्यामुळे शहर पश्चिमेलाच सरकणार. मांबलमला रेल्वेचा रूळ आधीच होता. पण पश्चिमेला जायचं म्हटलं की वाटेत तळं.

शहर कसं वाढवावं याचा विचार तेव्हा सगळीकडे चालू होता, आणि त्याच्या मुळाशी होतं इंग्लंडातलं खेडं. कारखान्यांच्या धुरात गुदमरलेल्या लंडनकडे बघून एबेनेझर हॉवर्ड या माणसानं १८९८ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. शहरात रोजगार आहे पण हवा नाही, खेड्यात हवा आहे पण रोजगार नाही, तर दोन्हींचं लग्न लावू. मधोमध बाग, तिच्यापासून चहूबाजूंना जाणारे रुंद रस्ते, झाडांत लपलेली सुटी घरं. इंग्लिश खेड्याच्या मधोमध गावाचं हिरवं मैदान असतं, एखादं डबकं असतं, त्याच्या कडेनं घरं असतात. त्याचीच ही मोठी, आखीव आवृत्ती म्हणायची. याला ‘गार्डन सिटी’ हे नाव पडलं. १९०३ मध्ये लेचवर्थ इथं अशी पहिली वसाहत सुरू झाली.

हा विचार मद्रासला पोचला त्याचीही गंमत आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये आपलं नकाशांचं आणि चित्रांचं प्रदर्शन घेऊन भारतात यायला निघाला. सामान वेगळ्या बोटीवर होतं. ती बोट जर्मनांच्या ‘एम्डन’ या युद्धनौकेनं बुडवली. याच एम्डननं त्या सप्टेंबरात मद्रासच्या बंदरावर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. आजही तामिळमध्ये बेरकी माणसाला ‘एम्डन’ म्हणतात. गेडिसनं पुन्हा सगळं जमवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरवलं. हाच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला, आपले गो. स. घुर्ये त्याच्याच हाताखालून गेले. गेडिसचा सहकारी एच. व्ही. लँचेस्टर यानं मद्राससाठी नगररचनेचं पुस्तक लिहिलं. १९२० मध्ये मद्रासचा नगररचना कायदा झाला. आणि १९२३ पासून मांबलमचं तळं उपसून, भर घालून तिथं घरांच्या प्लॉटची योजना सुरू झाली.

ताताला कायदा माहीत नव्हता. त्याला आठवत होतं ते एवढंच, की एका हिवाळ्यात बांध फोडला, पाणी गेलं, आणि उघड्या पडलेल्या गाळात तडफडणारे मासे धरायला सगळं गाव उतरलं. आठवडाभर घराघरांत मासे. “पुढच्या वर्षी कोणाला मासा मिळाला नाही,” तो म्हणायचा, आणि इस्त्रीवर पाणी शिंपडायचा.

मुंबईकरांना हे समजून घ्यायला सोपं जावं. दादर-माटुंग्याचा भाग मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं प्लेगनंतर असाच आखून वसवला. पाच बागा, रुंद रस्ते, वसाहती. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ चं, म्हणजे टी. नगरच्याच वयाचं. दादरला रानडे रोड, तसा टी. नगरला उस्मान रोड. दोन्हीकडे मध्यमवर्गासाठी शांत वसाहत म्हणून सुरुवात झाली आणि दोन्हीकडे बाजारानं ती गिळली.

नावांचा पाढा

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. संगीतकार त्यागराजांचं नाव आहे असं आपल्याकडून जाणाऱ्या पुष्कळांना वाटतं. ते पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं आहे. १८५२ चा जन्म, विणकर समाजातले, मद्रासला त्यांचा हातमागांचा कारखाना होता. १९१६ मध्ये ब्राह्मणेतरांच्या राजकारणासाठी जो पक्ष निघाला, जो पुढे ‘जस्टिस पार्टी’ म्हणून ओळखला गेला, त्याचे ते एक संस्थापक. मद्रास महापालिकेचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष. १९२० मध्ये महापालिकेनं थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत मुलांना दुपारचं जेवण द्यायला सुरुवात केली ती त्यांच्याच काळात. आज देशभर शाळांत जी खिचडी शिजते तिची एक चूल तिथली. त्याच साली मद्रास इलाख्याचं मुख्यमंत्रिपद चालून आलं, ते त्यांनी घेतलं नाही. १९२५ मध्ये ते वारले. नवी वसाहत तयार होत होती, तिला त्यांचं नाव दिलं.

योजना त्यांच्या पक्षाच्या राजवटीतली, म्हणून रस्त्यांची नावंही त्या पक्षाच्या पटावरची. मधल्या बागेला पानगलच्या राजांचं नाव. ते १९२१ ते १९२६ मुख्यमंत्री होते. व्यंकटनारायण रोडवरची बाग नटेशन पार्क, पक्षाचे दुसरे संस्थापक सी. नटेश मुदलियार यांच्या नावाची. तिसरे संस्थापक टी. एम. नायर, त्यांचा डॉ. नायर रोड. उस्मान रोड सर मुहम्मद उस्मान यांचा; १९३४ मध्ये काही काळ मद्रासचे हंगामी गव्हर्नर झाले, त्या खुर्चीत बसलेला पहिला भारतीय माणूस. हबीबुल्ला रोड, तणिकाचलम रोड, जी. एन. चेट्टी रोड. पाँडी बझार हे नाव ऐकून लोक पाँडिचेरीकडे बघतात. पण महापालिकेच्या लेखी ती सौंदरपांडियन अंगाडी आहे, डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन नाडार यांच्या नावानं. अंगाडी म्हणजे दुकानांची पेठ.

आम्हा सांगलीकडच्या लोकांना ही नावं परकी वाटू नयेत. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. मद्रासच्या सरकारनं नोकऱ्यांमध्ये जातवार वाटणीचा हुकूम १९२१ मध्ये काढला. कोल्हापूरच्या बोर्डिंगांच्या दारावर जी नावं आहेत आणि टी. नगरच्या चौकांत जी आहेत, त्यांचं भांडण एकच होतं.

आणि मग तणिकाचलम रोडवर दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा. १९१८ मध्ये गांधीजींनी सुरू केलेलं काम, पहिले शिक्षक त्यांचेच चिरंजीव देवदास. रौप्यमहोत्सवाला जानेवारी १९४६ मध्ये गांधीजी स्वतः इथं येऊन राहिले. ताता तेव्हा गर्दीत होता. गांधी काय बोलले ते त्याला कळलं नाही, कारण ते हिंदुस्थानीत बोलले. पण धोतराची इस्त्री बघण्यासारखी नव्हती, एवढं त्यानं धंद्याच्या नजरेनं टिपलं होतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एका रस्त्याचं बदललेलं नाव. साउथ बोग रोड आता शेवालिए शिवाजी गणेशन सालै आहे. तामिळ सिनेमाचा हा थोर नट, त्याचं मूळ नाव गणेशन. १९४६ मध्ये सी. एन. अण्णादुरैंनी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर नाटक लिहिलं. त्यात या पोरानं महाराज असे उभे केले की पेरियार रामस्वामींनी त्याला ‘शिवाजी’ हेच नाव देऊन टाकलं, आणि ते जन्मभरासाठी चिकटलं. त्याचं ‘अन्नै इल्लम’ हे घर याच रस्त्यावर आहे. गावाकडून कोणी आलं की मी त्यांना आधी त्या पाटीखाली उभं करतो. महाराजांच्या नावाचा रस्ता रायगडापासून इतक्या लांब, तोही एका नाटकवाल्यामुळे.

बाकी मोठी माणसं इथं बरीच राहून गेली. तिरुमलै पिळ्ळै रोडवर कामराज राहायचे, भाड्याच्या घरात. नऊ वर्षं मुख्यमंत्री, काँग्रेसचे अध्यक्ष, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला त्याच घरात वारले. सरकारनं तिथं स्मारक केलं. आर्काट स्ट्रीटवर एम. जी. रामचंद्रन यांचं कार्यालय होतं, तेही आता स्मारक. आत त्यांची ॲम्बेसेडर गाडी आणि भुसा भरून उभा केलेला सिंह. मी दोन्ही पाहिली. कामराजांच्या घरात माणूस आवाज न करता चालतो, एमजीआरच्या घरात पोरांना सिंहाजवळ उभं करून फोटो काढतो.

आठ ग्रॅमचा हिशोब

घरांची वसाहत पेठ कशी झाली? एक कारण रेल्वे. १९३१ मध्ये मद्रास बीच ते तांबरम् मीटरगेजवर विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि मांबलम स्टेशनात उतरून पाच मिनिटांत बाजार गाठता यायला लागला. दुसरं कारण कांचीपुरम. तिथला विणकर रेशमाची गाठोडी घेऊन मद्रासच्या घरांत फिरायचा. नल्ली चिन्नसामी चेट्टी यांनी १९२८ मध्ये पानगल पार्कजवळ दुकान टाकलं. विणकराच्या नावाच्या नगरात विणकराचं दुकान. रेशमामागून सोनं येणारच, कारण लग्नाची खरेदी एका दिवसात उरकायची असते. साडी घेतली की ताली, ताली घेतली की भांडी. ताली म्हणजे तामिळ मंगळसूत्र. मांबलम स्टेशनच्या तोंडाशी असलेल्या रंगनाथन स्ट्रीटमध्ये सरवणा स्टोअर्सनं भांड्यांच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केली. आज त्या अडीच-तीनशे पावलांच्या गल्लीत सणाच्या दिवसांत तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते. आत शिरताना चप्पल सुटली तर ती बाहेर पडतानाही सापडत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.

आम्ही या बाजाराच्या मागच्या दाराला असतो. पुढं काचेत नवा दागिना, मागं जुना वितळतो. तिथला हिशोब तोळ्यात नसतो. ‘सवरन’ हे माप, म्हणजे आठ ग्रॅम. इंग्लंडच्या राणीच्या सोन्याच्या नाण्याचं, सॉव्हरिनचं वजन जवळजवळ आठ ग्रॅम, त्यावरून आलेलं. राणी गेली, नाणं गेलं, वजन राहिलं. मुलीला किती सवरन घातलं, यावर तिकडे लग्नं ठरतात आणि मोडतात.

गलाई म्हणजे काय ते गावाकडच्या पाहुण्यांनाही नीट माहीत नसतं, म्हणून सांगतो. समजा एक बाई जुन्या बांगड्या मोडते. त्यात सोनं आहे, चांदी आहे, तांबं आहे, डाग आहे. आम्ही ते वजन करून मुशीत वितळवतो आणि त्यात सोन्याच्या तिपटीच्या आसपास चांदी घालतो. नवखा माणूस म्हणतो, अहो, शुद्ध करायचंय की भेसळ? पण सोनं कमी आणि चांदी जास्त असल्याशिवाय तेजाब आतपर्यंत शिरत नाही. तो रस पाण्यात ओतला की दाणे होतात. ते तेजाबात उकळायचे. पिवळट-तपकिरी धूर निघतो, डोळे चुरचुरतात, चांदी आणि तांबं विरघळून जातं. भांड्याच्या तळाला उरतो तो तपकिरी गाळ, अगदी ओढ्यातल्या मातीसारखा. तेच सोनं. धुऊन, सवागी टाकून पुन्हा मुशीत तापवलं की अर्ध्या मिनिटात गाळाचा पिवळाजर्द थेंब होतो. चाळीस वर्षं बघतोय, तो क्षण अजून चुकवत नाही. उरलेल्या निळसर पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की चांदीही परत मिळते. काहीच जात नाही, फक्त कुठं गेलं ते माहीत पाहिजे.

रुळांच्या पलीकडे

मांबलम गाव मात्र आहे. रेल्वेच्या पश्चिमेला गेलं की मेर्कु मांबलम, वेस्ट मांबलम. स्टेशनचं नावही मांबलमच, टी. नगर नावाचं स्टेशन नाही. पलीकडे कोदंडरामाचं देऊळ, काशी विश्वनाथाचं देऊळ, भजन-प्रवचनांचं अयोध्या मंडपम. गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात, बेलाच्या झाडांवरून महाबिल्व आणि त्याचं मांबलम. गल्ल्या अरुंद, पहाटे दारोदार कोलमची रांगोळी, आणि फिल्टर कॉफीचा वास.

तिथं एक म्हातारी तंजावर मराठी बाई राहायची. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी केली तेव्हापासून तिकडे राहिलेल्या मराठी घराण्यांतली. मी घरी दागिना पोचवायला गेलो, तिनं माझी बोली ऐकली आणि मराठीत विचारलं, कुठचे? मला निम्मं कळलं, निम्मं सुरावरून ओळखलं. तिचं मराठी तीनशे वर्षांपूर्वीच निघालेलं, वाटेत तामिळ सांडलेलं. माझं मराठी विट्याचं. ती मला म्हणाली, तुझं मराठी अशुद्ध आहे. मी मान्य केलं. पन्नास ग्रॅमचा हार घेऊन तिनं मला कॉफी आणि मोरकळी दिली.

या दोन बाजूंना जोडणारे रेल्वेखालचे भुयारी रस्ते आहेत. त्यांपैकी एक मॅडली रोडला. जे. डब्ल्यू. मॅडली हे मद्रासच्या पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. शहराला नळानं गाळलेलं पाणी देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा. दर पावसाळ्यात जोराच्या सरीनंतर त्यांच्याच नावाच्या भुयारात कमरेएवढं पाणी. नुंगंबाक्कमला टँक बंड रोड आहे, तिथं बांध नाही. वेस्ट मांबलमला लेक व्ह्यू रोड आहे, तिथून तळं दिसत नाही. तळ्याच्याच उत्तरेकडच्या जागेवर १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं. तिरुवारूरच्या रथाच्या धर्तीवर कोरलेला ३९ मीटर उंच दगडी रथ, आणि तिरुवळ्ळुवरांचे सगळे १३३० कुरळ आत कोरलेले. त्या रथाजवळून मांबलमचा कालवा निघतो आणि टी. नगर, नंदनम असा जात अड्यार नदीला मिळतो. उरलेलं तळं म्हणायचं तर तेवढंच. एवढीशी नाली, आणि पावसाळ्यात तिनं अख्ख्या एरीचं काम करायचं.

ते जमत नाही. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदी फुगली, कालव्याला बाहेर जायला वाटच उरली नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात टी. नगरचे रस्ते कित्येक दिवस पाण्यात होते. मधल्या काळात पाँडी बझारमध्ये पादचाऱ्यांसाठी ऐसपैस दगडी पदपथ झाला, २०१९ मध्ये. मांबलम स्टेशनपासून बस टर्मिनसपर्यंत २०२३ मध्ये आकाशमार्ग झाला, अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त डोक्यावरून चालत जाता येतं. पानगल पार्कजवळ मेट्रोच्या भुयारी स्टेशनचं काम निघालं. सगळं चांगलंच आहे. पण पाण्यानं या सुधारणांची दखल घेतलेली नाही. त्याला अजून १९२३ च्या आधीचाच नकाशा पाठ आहे.

माझा तर आता नियम आहे. ऑक्टोबर लागला की तेजाब, कोळसा आणि वह्या गुडघ्याच्या वरच्या फळीवर. जमिनीवर काही ठेवायचं नाही. ताता जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा बसतो. २०२१ ला त्याचं सगळं भिजलं, तेव्हा मी दारातून डोकं घालून त्याला सांगितलं, एरी वंदुडुच्चु. त्यानं विचारलं, कुठली एरी, सेट्टु? मी खाली बोट दाखवलं.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. आमच्याकडे आता टेंभू योजनेचं पाणी आलंय. कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्यानं वर चढवलेलं. डाळिंबाच्या बागा, ऊस, दारात ट्रॅक्टर. आई ज्या पाझर तलावावर माती वाहत होती तो मात्र गाळानं भरलाय, आणि बरीच वर्षं कोरडा आहे. पुतण्या मला बांधावर घेऊन गेला. मोकळा, सपाट, रस्त्याला लागून. गावात चर्चा आहे म्हणाला, काका, आता पाणी पाटानं येतंय, तलावाची काय गरज? भर घालून प्लॉट पाडले तर सोन्याचा भाव येईल.

मी बांधावर बसलो. पिचिंगचे दगड अजून जागेवर होते, आईच्या वेळचे. सांडव्याकडे बघितलं, तिथून खाली ओढा, ओढ्याच्या कडेला आमची आळी.

पुतण्याला म्हटलं, प्लॉटचं नंतर बघू. आधी नोव्हेंबरात चार दिवस माझ्याकडे येऊन राहा. येताना बूट आणू नको.